समारोप आणि संताप : ‘द प्रिझनर’च्या अखेरच्या भागाच्या स्वीकाराचा इतिहास

१

साहित्यकृतीच्या शेवटाविषयी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. शेवटावर रागावलेल्या वाचकाविषयी मात्र फारच थोडे. अशा वाचकाची प्रतिक्रिया ही सहसा कृतीबाहेरची घटना मानली जाते. ती अभिरुचीच्या समाजशास्त्राकडे सोपवली जाते, किंवा वाङ्मयेतिहासात एक गमतीदार आख्यायिका म्हणून उरते. पुढे त्या कृतीला प्रतिष्ठा मिळाली, की आख्यायिकेला एक ठरावीक तात्पर्यही चिकटते : लेखक काळाच्या पुढे होता आणि प्रेक्षक मागे. ‘द प्रिझनर’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी-मालिकेच्या अखेरच्या भागाची हकीकत बहुधा याच तात्पर्यासह सांगितली जाते. हे तात्पर्य अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाच्या मुळाशी क्रमशः प्रकट होणाऱ्या कथनाविषयीचा आपला एक गैरसमज आहे, असे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

२

मालिकेचा इतिहास थोडक्यात असा. पॅट्रिक मॅगूहन हा नट ‘डेंजर मॅन’ या हेरकथामालिकेमुळे १९६०नंतर ब्रिटनमध्ये अतिशय लोकप्रिय झाला होता. त्या मालिकेतून बाहेर पडताना त्याने निर्माते ल्यू ग्रेड यांच्यापुढे एका नव्या मालिकेची कल्पना ठेवली. एक गुप्तहेर तडकाफडकी राजीनामा देतो. घरी सामान बांधत असताना त्याला वायूने बेशुद्ध केले जाते. जाग येते ती एका देखण्या, अज्ञात ‘व्हिलेज’मध्ये. तेथे माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. तो क्रमांक सहा. कारभार क्रमांक दोन पाहतो, आणि ही खुर्ची भागागणिक नव्या माणसाकडे जाते. क्रमांक एक कोण, हे कोणी सांगत नाही. राजीनामा का दिला, एवढेच त्याच्याकडून वदवून घ्यायचे असते. आणि त्यासाठी स्वप्नांत शिरणारी औषधे, मनांची अदलाबदल करणारे यंत्र, पडद्यावरून क्षणात विद्या भरवणारी पद्धत अशी सारी सामग्री वापरली जाते. पळणाऱ्याला अडवायला समुद्रातून एक पांढरा, गुरगुरणारा फुगा वर येतो. हेरकथेच्या चौकटीतून सुरू झालेली ही मालिका अशा रीतीने विज्ञानकथेच्या प्रदेशात वसली, आणि विज्ञानकथेच्या वाचकांनीही तिला आपली मानले.

सप्टेंबर १९६७च्या अखेरीस ब्रिटनमध्ये तिचे प्रक्षेपण सुरू झाले. एकूण भाग १७. ‘फॉल आउट’ हा अखेरचा भाग फेब्रुवारी १९६८च्या पहिल्या काही दिवसांत, निरनिराळ्या प्रांतांतील वाहिन्यांवर वेगवेगळ्या दिवशी दाखवला गेला. त्याचे लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका मॅगूहनचीच होती. त्यानंतर जे घडले ते ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या इतिहासात नोंदले गेले आहे : वाहिन्यांच्या दूरध्वनींवर संतप्त प्रेक्षकांची रीघ लागली. १९७७ साली कॅनडातील ओंटारिओच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर वॉर्नर ट्रॉयर यांना दिलेल्या मुलाखतीत मॅगूहनने सांगितले, की जवळजवळ दंगलच उसळली होती आणि आपल्याला काही काळ लपून राहावे लागले. नटाच्या कथनशैलीतील अतिशयोक्ती वगळली, तरी क्षोभ खरा होता.

३

हा क्षोभ नेमका कशाबद्दल होता? ‘शेवट समजला नाही’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर. पण न समजणे आणि रागावणे या दोन वेगळ्या वृत्ती आहेत. न समजलेल्या गोष्टीकडे माणूस पाठ फिरवतो; तो दूरध्वनी उचलून जाब विचारत नाही. जाब विचारला जातो तो शब्द मोडणाऱ्याला. तेव्हा येथे शब्द कोणता दिला होता, हे पाहिले पाहिजे.

भरताच्या नाट्यविचारात कथावस्तूच्या पाच संधींपैकी अखेरचा निर्वहण. मुखसंधीपासून पेरलेले, विखुरलेले अर्थ तेथे एका प्रयोजनाशी आणून भिडवायचे असतात. याच संधीत अद्भुत रसाची योजना करावी, असेही भरत सुचवतो. म्हणजे समारोप हा चकित करणारा हवा. पण चकित करणे हे एकत्र आणण्याच्या कार्यातूनच निष्पन्न व्हायला हवे. फ्रँक करमोड यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सेन्स ऑफ अॅन एंडिंग’मध्ये वेगळ्या परंपरेतून याच्याजवळचेच काही म्हटले आहे. कथेतील कलाटणी अपेक्षा खोटी पाडते, पण शेवटावरचा आपला विश्वास शाबूत असतो म्हणूनच ती आपल्याला सुखावते; अपेक्षित मुक्कामाला अनपेक्षित वाटेने पोचणे हे तिचे मर्म. दोन्ही विचारांत एक अध्याहृत करार आहे : वाट बदलावी, प्रश्न बदलू नये.

विज्ञानकथेत हा करार अधिक कडक होतो. डार्को सूविन यांनी विज्ञानकथेची व्याख्या ज्ञानात्मक अपरिचितीकरणाच्या आधारे केली आहे. परीकथेतील उडता गालिचा कसा उडतो, असे कोणी विचारत नाही. विज्ञानकथेतील अपरिचित वस्तूबाबत मात्र तो प्रश्न विचारण्याचा हक्क वाचकाला लेखकच देतो. ‘द प्रिझनर’ने हा हक्क दर आठवड्याला, शीर्षकदृश्यांतच, प्रेक्षकाच्या हाती ठेवला होता. बहुतेक भागांच्या आरंभी कैदी विचारतो : मी कोठे आहे? तुम्ही कोणाच्या बाजूचे? क्रमांक एक कोण? शीतयुद्धाच्या ऐन काळात दुसरा प्रश्न केवळ कथानकापुरता नव्हता. व्हिलेज आपले की शत्रूचे, ही शंका त्या काळच्या हेरकथा वाचणाऱ्या प्रत्येक इंग्रजाच्या मनातली होती. शिवाय प्रेक्षक ‘डेंजर मॅन’मधला चेहरा ओळखून आले होते. हान्स रॉबर्ट याउस यांची संज्ञा वापरायची, तर त्यांच्या अपेक्षांचे क्षितिज हेरकथेने आखले होते आणि विज्ञानकथेने रुंदावले होते. त्या क्षितिजात या प्रश्नांना उत्तरे असतात.

४

‘फॉल आउट’मध्ये उत्तर आहे, ते प्रश्नाच्या जातीचे नाही, एवढेच. क्रमांक सहाला विजयी म्हणून एका भुयारातील सभेत नेले जाते. मुखवटे घातलेले झगेधारी सभासद बसलेले आहेत. एका बंडखोर तरुणावर आणि पुन्हा जिवंत केलेल्या एका माजी क्रमांक दोनवर खटला चालतो. शेवटी नायक क्रमांक एकच्या समोर येतो. त्याचा मुखवटा ओढतो. खाली माकडाचा मुखवटा. तोही ओढतो, तर खाली स्वतःचाच चेहरा, वेड्यासारखा हसणारा. मग अग्निबाण सुटतो, बीटल्सच्या प्रेमगीताच्या साथीवर यांत्रिक बंदुका झडतात, आणि नायक साथीदारांसह मालमोटारीवर ठेवलेल्या कोठडीसकट लंडनच्या रस्त्याला लागतो.

१९७७च्या मुलाखतीत मॅगूहनने आपली बाजू मांडली. लोकांना जेम्स बाँडच्या चित्रपटातला खलनायक हवा होता. परंतु सर्वांत मोठे अनिष्ट आपल्याच आत असते, असा त्याचा युक्तिवाद. नैतिक विधान म्हणून हे वजनदार आहे. बाहेरच्या खलनायकावर सारे ढकलून प्रेक्षकाने निर्धास्त झोपी जावे, हे त्याला मान्य नव्हते. पण रूपबंधाच्या दृष्टीने या विधानाने काय केले, हे वेगळे पाहिले पाहिजे. सोळा भाग जे व्हिलेज दाखवले त्यात पहारा होता, कॅमेरे होते, डॉक्टर होते, निवडणुकीचा फार्स होता, आणि हे सारे चालवायला लागणारा पैसा कोणाचा तरी होता. क्रमांक एक म्हणजे तूच, असे म्हटले की या यंत्रणेविषयीचा प्रश्न सुटत नाही. तो विचारण्याजोगा राहत नाही. ‘मला कोणी कोंडले?’ या राजकीय प्रश्नाच्या जागी ‘मी कोण?’ हा आध्यात्मिक प्रश्न आला. विज्ञानकथेने सुरू केलेले वाक्य रूपककथेने पुरे केले. दूरध्वनी करणाऱ्या प्रेक्षकापाशी ही परिभाषा नसेल, पण त्याने ओळखले ते हेच होते. त्याचा संताप हा ‘फॉल आउट’वरील पहिला समीक्षालेख होता, आणि त्यातले निरीक्षण अचूक होते.

या भागात दुसरेही एक उत्तर दडलेले आहे. लंडनला परतल्यावर नायकाबरोबर आलेला मुका बटलर घराच्या पायऱ्या चढतो. दारावर आकडा एक. दार आपोआप, व्हिलेजमधली दारे उघडतात तसेच गुरगुरत उघडते. पुढच्या दृश्यात नायक मालिकेच्या आरंभीच्या दृश्याप्रमाणेच मोटार हाकत आपल्याकडे येतो. म्हणजे व्हिलेज संपलेले नाही. लंडनही तेच आहे. हे उत्तर राजकीय आहे. मुखवट्याखालच्या चेहऱ्याने यंत्रणेचा प्रश्न मिटवला, तर या दाराने तो साऱ्या नागरी जगाला लावला. दोन उत्तरे परस्परांना छेद देतात, आणि कृतीचे खरे सामर्थ्य त्या छेदात आहे. फेब्रुवारी १९६८च्या प्रेक्षकाला मुखवटा दिसला. दार बहुधा निसटले. का निसटले, याचे उत्तर प्रेक्षकाच्या बुद्धीत शोधायचे कारण नाही.

५

त्याने काय पाहिले, हे अगदी वस्तुनिष्ठपणे सांगता येते. मालिका रंगीत चित्रित झाली होती. पण ब्रिटनमधील व्यापारी वाहिन्यांवर रंगीत प्रक्षेपण नोव्हेंबर १९६९मध्ये सुरू झाले. म्हणजे पोर्टमेरियन या वेल्समधल्या गावाचे रंगीत घुमट, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, ज्यांच्या लडिवाळ रंगांत तुरुंगाचा विरोधाभास होता, ते सारे पहिल्या प्रेक्षकाने करड्या छटांत पाहिले. मुखवट्याखालचा चेहरा पडद्यावर क्षण-दोन क्षण टिकतो. तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हते. चार महिने वाट पाहून मिळालेले उत्तर डोळ्यांची पापणी लवेपर्यंत आले आणि गेले. मागे जाऊन पाहण्याची सोय नव्हती.

पुढच्या प्रेक्षकाची स्थिती निराळी. १९७७ साली ‘सिक्स ऑफ वन’ ही रसिकसंस्था निघाली. तिचे मेळावे पोर्टमेरियनमध्ये भरू लागले. १९८३मध्ये चॅनल फोरने मालिका पुन्हा दाखवली. मग चित्रफिती, तबकड्या आल्या. या प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक होता. तो शेवटाकडून आरंभाकडे वाचत होता, आणि असे वाचणाऱ्याला शीर्षकदृश्यांतला संवाद वेगळा ऐकू येतो. क्रमांक एक कोण, या प्रश्नावर ‘तू क्रमांक सहा आहेस’ अशा अर्थाचे उत्तर मिळते. इंग्रजी वाक्यात एका स्वल्पविरामाइतका थांबा घेतला, की त्याचाच अर्थ होतो : ‘तूच तो, क्रमांक सहा.’ उत्तर पहिल्यापासून कानावर पडत होते! हा शोध रसिकांना आनंद देतो आणि लेखकाचे द्रष्टेपण सिद्ध करतो, असे मानले जाते. पण तो शोध फक्त पुनर्वाचनातच संभवतो. प्रथमवाचनात ते वाक्य एक उडवाउडवीचे उत्तर आहे, आणि तसेच असणे कथानकाला आवश्यक आहे.

याउस यांच्या मांडणीतली एक अडचण येथे उघडी पडते. कृती प्रथम क्षितिजाला धक्का देते, वाचक तिला नाकारतात, पुढे तिनेच घडवलेल्या नव्या क्षितिजात ती अभिजात ठरते. ‘मादाम बोव्हारी’ हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. या मांडणीत क्षितिज बदलते, कृती तीच राहते, असे गृहीत आहे. क्रमशः कथनात कृतीही तीच राहत नाही. आठवड्या-आठवड्यांमधले अंतर हा अशा कथनाचा घटक आहे. त्या अंतरात प्रेक्षक तर्क करतो, शेजाऱ्याशी वाद घालतो, आपल्या मनात उरलेली मालिका रचतो. अखेरचा भाग त्याला फक्त पडद्यावरच्या सोळा भागांशी नव्हे, तर या रचलेल्या मालिकेशीही जुळवून घ्यायचा असतो. अंतर काढून सतरा भाग सलग पाहणारा प्रेक्षक एक वेगळी संहिता पाहतो. मग उत्तरकाळाने दिलेला निकाल पहिल्या प्रेक्षकाचा निकाल फिरवतो, असे म्हणता येत नाही. तो दुसऱ्याच खटल्यातला निकाल असतो. योगायोग असा, की ‘मादाम बोव्हारी’देखील १८५६ साली ‘रव्ह्यू द पारी’मध्ये प्रथम हप्त्याहप्त्यांनीच प्रसिद्ध झाली होती.

याच्या जोडीला निर्मितीचा इतिहासही ध्यानात घ्यावा. मॅगूहनच्या म्हणण्याप्रमाणे मूळ कल्पना सात भागांची होती. ती सतरांवर नेण्यामागे व्यापारी गणिते होती. ‘फॉल आउट’च्या आधीचा भाग पुष्कळ आधी चित्रित झाला होता. मधल्या काळात लिओ मॅकर्न या नटाने दाढी काढली, तेव्हा अखेरच्या भागात क्रमांक दोनची दाढी-कटाई करण्याचे दृश्य घालावे लागले. पुनरुज्जीवनाचा विधी म्हणून त्या दृश्याचा अर्थ लावता येतो, आणि तो चुकीचा आहे असेही नाही. पण पूर्वनियोजित प्रतीकव्यवस्था म्हणून साऱ्या भागाकडे पाहणाऱ्या उत्तरकालीन वाचनाने येथे सावध व्हावे. घाईने, अडचणींतून वाट काढत केलेला हा समारोप आहे, हे पहिल्या प्रेक्षकाला जाणवले असेल, तर ती जाणीवही साधार होती.

६

‘द प्रिझनर’ हा अपवाद नव्हे, हे नंतरच्या दोन मालिकांवरून दिसते. बीबीसीच्या ‘ब्लेक्स सेव्हन’ या अंतराळकथेचा अखेरचा भाग २१ डिसेंबर १९८१ रोजी, नाताळच्या तोंडावर दाखवला गेला. त्यात एव्हॉन हा नायक गैरसमजातून ब्लेकलाच गोळी घालतो. सहकारी एकेक करून कोसळतात. वेढलेला एव्हॉन बंदूक उचलून हसतो, पडदा काळा होतो आणि गोळ्यांचे आवाज ऐकू येतात. येथे प्रश्न बदललेला नव्हता. अत्याचारी सत्तेविरुद्धच्या बंडाचे काय होते, याचे ते निष्ठुर पण प्रश्नाच्याच जातीचे उत्तर होते. म्हणून येथील प्रतिसादही निराळा झाला. रसिकांनी आपल्या हस्तपत्रिकांतून त्या गोळीबारानंतरच्या कथा वर्षानुवर्षे लिहिल्या. हेन्री जेंकिन्स यांनी ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ या १९९२च्या ग्रंथात ज्या लेखनव्यवहाराचा अभ्यास केला, त्यात या मालिकेचे रसिकही आहेत. काळा पडदा त्यांनी जणू कोरा कागद मानला.

जपानमधील ‘निऑन जेनेसिस इव्हांगेलियन’ची कथा ‘द प्रिझनर’च्या अधिक जवळची आहे. ऑक्टोबर १९९५मध्ये सुरू झालेली ही २६ भागांची मालिका २७ मार्च १९९६ रोजी संपली. महाकाय यंत्रदेह, आकाशातून येणारे ‘देवदूत’, मानवजातीला एकजीव करण्याची गूढ योजना, असे ज्ञानात्मक प्रश्न तिने उभे केले होते. अखेरच्या दोन भागांत दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी ते बाजूला ठेवून शिंजी या मुलाच्या मनाची उलटतपासणी मांडली : स्थिर चित्रे, कच्ची रेखाटने, आणि शेवटी टाळ्या वाजवून अभिनंदन करणारी माणसे. पुन्हा बाहेरचा प्रश्न आत वळला, आणि पुन्हा क्षोभ झाला. पण येथे निर्माते लपून बसले नाहीत. जुलै १९९७च्या ‘द एंड ऑफ इव्हांगेलियन’ या चित्रपटात त्यांनी त्याच शेवटाची बाहेरची बाजू दाखवली, आणि त्यात प्रेक्षकांनी पाठवलेली पत्रे व चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षकवर्ग क्षणभर पडद्यावर आणला. प्रतिक्रिया संहितेत दाखल झाली. एवढ्यावरही प्रकरण मिटले नाही. आन्नो यांनी या कथेला पुन्हा एकदा समारोप दिला तो २०२१च्या चित्रपटात.

जाब विचारणारा प्रेक्षक, पुढची कथा लिहिणारा प्रेक्षक, आणि संहितेत ओढला गेलेला प्रेक्षक, असे हे तीन प्रकार. तिन्हींत समान गोष्ट अशी, की समारोप हा लेखकाने एकट्याने करायचा विधी राहिलेला नाही. रोलाँ बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारा निबंध १९६७मध्येच प्रथम प्रसिद्ध झाला. पण बार्थ यांचा वाचक चरित्र नसलेला, इतिहास नसलेला वाचक आहे. येथील प्रेक्षकाला इतिहास आहे : त्याने चार महिने दर आठवड्याची एक संध्याकाळ दिली आहे. त्याचा हक्क त्या प्रतीक्षेतून आलेला आहे. तो शेवट ठरवण्याचा हक्क नव्हे. मॅगूहनने बाँडपटातला खलनायक द्यायला हवा होता, असे कोणी म्हणणार नाही. आपल्याला दिलेला प्रश्न बदलला गेला, हे उच्चारण्याचा आणि ते उच्चारणे समीक्षा म्हणून ऐकले जाण्याचा तो हक्क आहे.

७

मॅगूहन जानेवारी २००९मध्ये निवर्तला. त्याच वर्षी मालिकेची सहा भागांची नवी आवृत्ती आली. तिने मूळ कृतीसारखा क्षोभ निर्माण केला नाही. तोवर ‘द प्रिझनर’चा शेवट गूढ असतो, हे प्रेक्षक शिकून आले होते. ज्या क्षितिजात सारेच अनपेक्षित अपेक्षित असते, तेथे धक्का बसत नाही आणि शब्दही मोडत नाही.

मराठी वाङ्मयेतिहासाला या चर्चेतून घेण्याजोगे काही आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढच्या अंकाची वाट पाहत यमूची कहाणी वाचणाऱ्या वाचकाने दोन अंकांच्या मधल्या दिवसांत काय योजले, कशाची आशा धरली, शेवटाला पोचल्यावर कोणावर रागावला, हे आपल्या कादंबरीसमीक्षेने क्वचितच विचारले आहे. आपण बांधीव पुस्तक वाचतो आणि त्याच पुस्तकाचा इतिहास लिहितो. त्या आधीची, अंतरांनी भरलेली आणि प्रतीक्षेने घडलेली संहिता वाचकाबरोबर नाहीशी होते. तिचा माग उरतो तो जुन्या अंकांत, पत्रव्यवहारात, आणि कोठे नोंदला गेला असेल तर एखाद्या वाचकाच्या संतापात.